सोन्याच्या वाटा आणि वाङ्मयेतिहासाची दिशा

१

स्थलांतरितांच्या साहित्याचा अभ्यास आपल्या विद्यापीठांतून आता चांगला रुजला आहे. मूळ भूमी आणि स्वीकृत भूमी, स्मृती आणि रूपांतर, भाषेचा त्याग आणि भाषेची जपणूक अशा काही जोड्यांभोवती हा अभ्यास फिरत असतो. ह्या सर्व जोड्यांत एक गोष्ट समान आहे. त्यांना टोके दोनच असतात. माणूस एका ठिकाणाहून निघतो आणि दुसऱ्या ठिकाणी पोचतो. मधला प्रवास म्हणजे जणू दोन प्रकरणांच्या मध्ये सुटलेले कोरे पान. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, हे पान कोरे नाही. स्थलांतराच्या वाङ्मयाचे प्रकार, त्याची भाषा, त्यातील नातीगोती, इतकेच काय पण पुष्कळदा त्याचे मौनही, ह्या मधल्या वाटेवर घडत असते. म्हणून भाषा, कालखंड आणि वाङ्मयप्रकार ह्यांच्या बरोबरीने 'वाट' हाही तौलनिक अभ्यासाचा एक घटक मानला गेला पाहिजे.

ह्या प्रतिपादनासाठी मी कॅलिफोर्नियातील सोन्यामागच्या धावेचे उदाहरण घेतो आहे. त्याला कारण आहे. इतर बहुतेक स्थलांतरांत निघण्याचे ठिकाण, वाट आणि पोचण्याचे ठिकाण ही तिन्ही एकदम बदलतात; त्यामुळे वाङ्मयात दिसणारा फरक नेमका कशामुळे पडला हे सांगता येत नाही. कॅलिफोर्नियाच्या बाबतीत पोचण्याचे ठिकाण एक, हेतू एक आणि काळही जवळजवळ एकच. वाटा मात्र अनेक आणि एकमेकींहून अगदी भिन्न. तुलनेसाठी इतकी अनुकूल परिस्थिती इतिहास क्वचितच उपलब्ध करून देतो.

२

२४ जानेवारी १८४८ रोजी जेम्स मार्शल ह्याला कोलोमा येथील सटरच्या लाकूड-गिरणीच्या पाटात सोन्याचे कण आढळले. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, २ फेब्रुवारीला, ग्वादालुपे इदाल्गोच्या तहान्वये मेक्सिकोने हा प्रदेश अमेरिकेच्या हवाली केला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ह्या वार्तेला अधिकृत मोहोर उमटली ती राष्ट्राध्यक्ष पोक ह्यांनी ५ डिसेंबर १८४८ रोजी काँग्रेसला पाठविलेल्या संदेशाने. मधल्या दहा महिन्यांत वार्ता स्वस्थ बसली नव्हती. ती जहाजांबरोबर होनोलुलूला गेली, चिलीतील वालपराईसोला गेली, पेरूला गेली, उत्तरेकडे ऑरेगॉनला आणि दक्षिणेकडे मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतात गेली. परिणामी १८४८ सालीच खाणींवर जे बाहेरचे लोक पोचले, त्यांत हवाई बेटांतले, चिलीतले, पेरूतले आणि सोनोरातले लोक मोठ्या संख्येने होते.

आता ह्या सबंध घटनेला जे नाव पडले ते पाहा. ह्या लोकांना इतिहास 'फॉर्टी-नायनर' म्हणतो, म्हणजे एकोणपन्नास साली आलेले. वस्तुतः अठ्ठेचाळीस साली आलेल्यांचे महत्त्व पहिलेपणामुळे अधिक असायला हवे. पण नामकरणाचा अधिकार ज्यांच्या हाती होता ते एकोणपन्नास साली आले. पॅसिफिक महासागराच्या काठाने आलेले लोक अशा रीतीने नावातूनच गळाले. वाङ्मयेतिहासातील पहिली निवड कित्येकदा अशा एका शब्दात होऊन गेलेली असते, आणि तिच्यावर पुढची शंभर वर्षे कोणी हरकत घेत नाही.

१८४९ साली आलेल्यांपैकी, सर्वसाधारण अंदाजाप्रमाणे, निम्मे भूमार्गाने आणि निम्मे समुद्रमार्गाने आले. भूमार्ग मिसुरी नदीकाठच्या इंडिपेन्डन्स किंवा सेंट जोसेफ ह्या गावांपासून सुरू होई. प्लॅट नदीच्या काठाने फोर्ट लॅरमी, पुढे साउथ पास ही खिंड, मग हम्बोल्ट नदी, ती जिथे वाळूत लुप्त होते तिथपासून चाळीस मैलांचे निर्जळ वाळवंट आणि शेवटी सिएरा नेवाडाचे कडे असा हा सुमारे दोन हजार मैलांचा मार्ग होता. ह्याखेरीज दक्षिणेकडून हिला नदीच्या काठाने युमाच्या उतारावर येणारी एक वाट होती. सोनोरातून येणाऱ्यांची तर आणखीच वेगळी. तिचे नावच 'सैतानाची वाट', आणि तहानेने मेलेल्यांच्या थडग्यांनी ते नाव सार्थ केले होते.

समुद्रमार्गांपैकी केप हॉर्नला वळसा घालणारा मार्ग पाच ते आठ महिने घेई. पनामाच्या संयोगभूमीवरून जाणारा मार्ग वेळ वाचवी. अटलांटिकच्या बाजूने चाग्रेस नदीतून नावाड्यांच्या होड्यांनी गोर्गोना किंवा क्रुसेसपर्यंत जायचे, तिथून खेचरांवर पनामा शहर गाठायचे आणि मग उत्तरेकडे जाणाऱ्या जहाजाची वाट पाहायची. 'कॅलिफोर्निया' ही आगबोट ६ ऑक्टोबर १८४८ रोजी न्यूयॉर्कहून केप हॉर्नमार्गे निघाली, तेव्हा सोन्याची ओढ अजून सुरू झाली नव्हती. ती पनामाला पोचली तेव्हा शेकडो लोक किनाऱ्यावर तिष्ठत होते. २८ फेब्रुवारी १८४९ रोजी ती सॅन फ्रान्सिस्कोला पोचली, ती गच्च भरून. १८५१ पासून निकाराग्वाच्या सरोवरातूनही एक वाट निघाली. आणि महासागराच्या पलीकडून, हाँगकाँगहून, चिनी लोकांची वाट होती. तिचा विचार पुढे स्वतंत्रपणे करू.

३

ह्या वाटांनी आपापले वाङ्मयप्रकार घडविले, असे मी म्हणतो ते अलंकारिक अर्थाने नव्हे.

भूमार्गाचा वाङ्मयप्रकार दैनंदिनी हा आहे. बैलगाड्यांचा तांडा दिवसाकाठी दहा-पंधरा मैल सरके. किती मैल झाले, गवत कसे होते, पाणी मिळाले का, सरपण मिळाले का, वाटेत किती थडगी दिसली, एवढेच रोज रात्री लिहावयाचे. मजल हा त्या प्रवासाचा घटक, म्हणून मजल हाच त्या लेखनाचा परिच्छेद. १८४९ साली ह्या वाटेवर पटकीने थैमान घातले. स्त्रियांच्या दैनंदिन्यांत थडग्यांची नोंद विशेष काळजीपूर्वक केलेली आढळते, हे लिलियन श्लिसेल ह्यांनी १८८२ नव्हे तर त्यानंतर शंभर वर्षांनी, १९८२ साली, त्या दैनंदिन्या एकत्र करून दाखवून दिले. म्हणजे ही नोंद वाचली जायला एक शतक लोटावे लागले. सेरा रॉइस ही स्त्री १८४९ साली आयोवातून नवरा आणि तान्ह्या मुलीसह निघाली. वाळवंटाच्या तोंडाशी कुरणाकडचे वळण चुकल्यामुळे त्यांना आल्या वाटेने मागे फिरावे लागले. पुढे उतारवयात, आपल्या तत्त्वज्ञ मुलासाठी म्हणजे जोसाया रॉइससाठी, तिने जुन्या टिपणांवरून ही हकिगत लिहून काढली. पुस्तकरूपाने ती १९३२ साली आली.

भूमार्गाला आणखी एक वाङ्मयप्रकार चिकटलेला आहे, तो म्हणजे मार्गदर्शिका. साहित्याचे अभ्यासक तिकडे ढुंकूनही पाहत नाहीत. परंतु ज्या लेखनावर वाचकाचा जीव अक्षरशः अवलंबून असतो, त्याला केवळ उपयुक्त लेखन म्हणून बाजूला सारणे बरोबर नाही. लॅन्सफर्ड हेस्टिंग्जने १८४५ च्या आपल्या मार्गदर्शिकेत एक जवळची वाट सुचविली होती. त्या वेळी तो स्वतः त्या वाटेने गेलेलाही नव्हता. १८४६ साली डॉनर कुटुंबाच्या तांड्याने ती वाट धरली, सिएराच्या बर्फात तो अडकला आणि सुमारे सत्त्याऐंशी माणसांपैकी जवळजवळ निम्मी प्राणाला मुकली. १८४९ साली जोसेफ वेअर ह्याने कॅलिफोर्नियाला जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका छापली, आणि त्याच वर्षी त्याच वाटेवर तो स्वतः वारला. लेखकाची जबाबदारी ह्या विषयावर आपण जी चर्चा करतो, तिच्यात ह्या दोन पुस्तकांना जागा असायला हरकत नसावी.

केप हॉर्नच्या मार्गावर नेमके उलट घडते. येथे प्रवाशाला करण्यासारखे काहीच नसते. महिनोन् महिने तेच पाणी, तीच माणसे, तोच शिधा. म्हणून ह्या वाटेवर हस्तलिखित वृत्तपत्रे निघतात, लुटुपुटीचे खटले चालतात, वादसभा भरतात. हे लेखन एकट्याचे नसून मंडळीचे आहे, आणि त्याचा स्थायीभाव कंटाळा आहे. भीती येते ती केप हॉर्नच्या वादळात, थोडे दिवस. 'फ्लाइंग क्लाउड' ह्या शिडाच्या जहाजाने १८५१ साली न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर नव्वद दिवसांच्या आत कापले, तेव्हा त्या विक्रमाचे कौतुक का झाले असेल हे ह्या कंटाळ्याच्या पार्श्वभूमीवर चांगले कळते.

पनामाची वाट वार्तापत्राची. न्यूयॉर्क ट्रिब्यूनने १८४९ साली बेयर्ड टेलरला ह्याच वाटेने पाठविले, आणि त्याच्या पत्रांतून 'एल्डोराडो' हे पुस्तक १८५० मध्ये तयार झाले. जलद वाटेवर निरीक्षणही जलद असते. दृश्ये बदलत जातात, माणसे ओझरती भेटतात, आणि लेखक कोठेच मुक्कामाला नसतो.

एखादा असे म्हणेल की, हा फरक वाटेचा नसून वर्गाचा आणि शिक्षणाचा आहे. शेतकरी गाडीने गेला, वार्ताहर आगबोटीने. आक्षेप पूर्णतः चुकीचा नाही. परंतु एकाच माणसाने दोन वाटा तुडविल्याची उदाहरणे पाहिली की त्याची मर्यादा लक्षात येते. विल्यम स्वेन हा न्यूयॉर्क राज्यातला तरुण १८४९ साली भूमार्गाने गेला आणि पुढे पनामामार्गे घरी परतला. जे. एस. हॉलिडे ह्यांनी १९८१ साली त्याच्या दैनंदिनीभोवती एक मोठा ग्रंथ रचला. ती दैनंदिनी भूमार्गाची दैनंदिनी आहे. परतीच्या वाटेचा ग्रंथातील वाटा त्या मानाने थोडा आहे. माणूस तोच, लेखणी तीच, शिक्षण तेच. वाट बदलली तशी लेखनाची घनता बदलली.

४

आतापर्यंत जे लेखन पाहिले ते वाटेवरून जाणाऱ्यांचे. परंतु वाट ही कोणाच्या तरी दारावरून जात असते. त्या दारात उभे असलेल्यांनी काय पाहिले?

ह्या दृष्टीने मेरी सीकोल ह्या जमैकन स्त्रीचे १८५७ साली प्रसिद्ध झालेले आत्मकथन अनन्यसाधारण आहे. क्रायमियाच्या युद्धातील सेवेमुळे ती पुढे प्रसिद्धीस आली. पण त्याआधी ती पनामाच्या वाटेवर, क्रुसेस येथे, आपल्या भावाच्या पाठोपाठ जाऊन खाणावळ चालवीत होती. पटकीची साथ आली तेव्हा रोग्यांची शुश्रूषाही तिने केली. टेलरला जी वाट हिरव्या अरण्यातली एक रम्य मजल वाटते, ती सीकोलला चिखल, जुगार, रोग आणि उर्मट गिऱ्हाइके ह्यांनी भरलेली दिसते. एका मेजवानीत तिची स्तुती करणाऱ्या अमेरिकनाने तिचा वर्ण पालटता आला असता तर बरे झाले असते असे सुचविताच, तिने भर सभेत त्याला खडे बोल सुनावले. जाणाऱ्याच्या लेखनात राहणारा हा देखाव्याचा भाग असतो. राहणाऱ्याच्या लेखनात जाणारा हे गिऱ्हाईक, रोगी आणि कधी कधी पीडा असते.

ह्याच वाटेवर १८५० ते १८५५ ह्या काळात रेल्वे बांधली गेली. जानेवारी १८५५ मध्ये ती सुरू झाली, तेव्हा होड्यांचे नावाडी, खेचरवाले आणि खाणावळवाले ह्यांची पोटे एकदम मारली गेली. १८५४ साली बांधकामावर आणलेले चिनी मजूर मोठ्या संख्येने मेले. त्यांतील अनेकांनी आत्महत्या केली. १५ एप्रिल १८५६ रोजी पनामा शहरात एका अमेरिकन प्रवाशाने टरबुजाची फोड खाऊन पैसे देण्याचे नाकारले, आणि त्यातून उसळलेल्या दंग्यात पंधराच्या आसपास अमेरिकन मारले गेले. एका फोडीवरून एवढा अनर्थ का व्हावा, ह्याचे उत्तर त्या फोडीत नाही. आदल्या वर्षी धावू लागलेल्या रेल्वेत आहे.

भूमार्गाच्या दारात उभे असलेल्यांची कथा ह्याहून भयंकर आहे. जॉन अनरुह ह्यांनी १९७९ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, तांड्यांवरील आदिवासींच्या हल्ल्यांची वर्णने अतिशयोक्त आहेत. प्रवासी मेले ते मुख्यतः रोगांनी आणि अपघातांनी, आणि वाटेवर आदिवासींनी त्यांना पुष्कळदा साहाय्यच केले. ह्या वाटा जिथे संपत होत्या, त्या कॅलिफोर्नियातील मूळ रहिवाशांची संख्या सुवर्णशोधाच्या वेळी सुमारे दीड लाख होती; पुढील पाव शतकात ती तीस हजारांच्या आसपास आली. रोग, उपासमार आणि उघड कत्तल ही त्याची कारणे. बेंजामिन मॅडली ह्यांनी २०१६ साली ह्या प्रक्रियेला वंशसंहार हेच नाव दिले आणि त्याचा तपशील मांडला. ह्या काळात लिहिणारा एक आदिवासी लेखक आपल्याला ठाऊक आहे. चेरोकी जमातीचा जॉन रोलिन रिज १८५० साली भूमार्गाने कॅलिफोर्नियाला आला, आणि १८५४ साली त्याने होआकिन मुरिएता ह्या मेक्सिकन बंडखोरावर कादंबरी लिहिली. अमेरिकेतील मूळ रहिवाशाने लिहिलेली पहिली कादंबरी म्हणून ती ओळखली जाते. तिचा विषय खाणींवरून हुसकावलेला मेक्सिकन असावा, हा योगायोग मानण्याचे कारण नाही. रिजच्या स्वतःच्या जमातीला सक्तीच्या स्थलांतराची वाट पुरती ठाऊक होती.

५

मग प्रश्न असा की, इतक्या वाटांपैकी भूमार्गच तेवढा महाकाव्याच्या पदवीला कसा पोचला? बैलगाड्यांचा तांडा, अफाट माळ, सूर्यास्ताच्या दिशेने चाललेले कुटुंब हे चित्र कादंबऱ्यांतून, चित्रपटांतून, शालेय पुस्तकांतून जगभर गेले. आपल्याकडील वाचकालाही तेच आठवते.

भूमार्गाच्या दैनंदिन्या संख्येने अधिक टिकल्या हे त्याचे एक उत्तर. प्लॅट नदीच्या वाटेवरील दोन हजारांहून अधिक लेखनांची सूची मेरिल मॅट्स ह्यांनी १९८८ साली सिद्ध केली. परंतु संख्या हे पूर्ण उत्तर नव्हे. दुसरे कारण विचारसरणीचे आहे. फ्रेडरिक जॅक्सन टर्नर ह्यांनी १८९३ साली मांडलेल्या सिद्धान्ताप्रमाणे अमेरिकेचा स्वभाव घडला तो पश्चिमेकडे सरकत जाणाऱ्या सीमारेषेवर. ह्या सिद्धान्ताला भूमार्ग हवा होता. चिलीचा माणूस उत्तरेकडे आला, चिनी माणूस पूर्वेकडे आला, हवाई बेटांतला माणूसही पूर्वेकडेच आला. ह्यांच्या हालचालींना 'पश्चिमेकडची वाटचाल' म्हणता येत नव्हते. राष्ट्राने आपल्या दिशेला जुळेल ती वाट निवडली, आणि वाङ्मयेतिहासाने ती निवड वाङ्मयीन गुणवत्तेचा निकाल म्हणून स्वीकारली.

तिसरे कारण भाषेचे, आणि तेथे दोष आपल्यासारख्या तौलनिक अभ्यासकांकडे येतो. समुद्रमार्गाचे वाङ्मय नव्हतेच असे नाही. ते इंग्रजीत नव्हते. व्हिसेंते पेरेस रोसालेस हा चिलीचा लेखक भावांसह वालपराईसोहून निघून १८४९ च्या आरंभी सॅन फ्रान्सिस्कोला पोचला. त्याचे आठवणींचे पुस्तक स्पॅनिश गद्याचा उत्तम नमुना मानले जाते. जहाजावरची सरमिसळ, खाणींवर चिलीच्या लोकांची झालेली ससेहोलपट आणि स्वतःच्या फजितीकडे पाहण्याची मिस्किल दृष्टी ह्यांमुळे ते पुस्तक कोणत्याही भूमार्गी दैनंदिनीच्या तोडीचे ठरावे. १८५० साली परदेशी खाणकऱ्यांवर दरमहा वीस डॉलरांचा कर बसला, आणि स्पॅनिश बोलणारे हजारो लोक खाणी सोडून गेले. त्यांच्याबरोबर त्यांची वाटही वाङ्मयेतिहासातून गेली.

६

आता चिनी वाटेकडे येऊ. क्वांगतुंग प्रांतातील, विशेषतः तैशान आणि त्याच्या शेजारच्या तालुक्यांतील, शेतकरी हाँगकाँगला येत आणि तेथून महासागर ओलांडत. १८५२ ह्या एका वर्षात सुमारे वीस हजार चिनी सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. पुष्कळांचे भाडे उसने असे. पोचल्यावर मजुरीतून ते फेडावयाचे. म्हणजे त्यांच्या वाटेचा पहिला दस्तऐवज कर्जाचा होता. कॅलिफोर्नियाला ते 'सोन्याचा डोंगर' म्हणत. कॅलिफोर्नियाहून रिकाम्या हाताने परतलेल्या एडवर्ड हारग्रेव्हजने १८५१ साली ऑस्ट्रेलियात सोने दाखविले, आणि मग मेलबर्न हा 'नवा सोन्याचा डोंगर' झाला, सॅन फ्रान्सिस्को 'जुना'. चिनी भाषेत त्या शहराचे नाव आजही तेच आहे.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीने १८५५ साली तिच्या बंदरांत उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंडांचा कर बसविला. त्यावर चिनी प्रवाशांनी शोधलेला उपाय असा : शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियातील रोब ह्या लहानशा बंदरात उतरावयाचे आणि तिथून चारशेहून अधिक किलोमीटर पायी चालत सोन्याच्या खाणी गाठावयाच्या. हजारो लोक ह्या वाटेने चालले. नकाशावरील ही वाट भूगोलाने काढलेली नाही, कायद्याने काढलेली आहे.

आणि कायद्याने काढलेली वाट लपवावी लागते. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेची दारे बंद झाली, ती १९४३ पर्यंत. ह्या काळात आपण कसे आलो हे खरे सांगणे म्हणजे हद्दपारीला निमंत्रण देणे होते. मॅक्सिन हाँग किंग्स्टन ह्यांच्या १९८० सालच्या 'चायना मेन' ह्या पुस्तकात मुलगी बापाच्या आगमनाची हकिगत सांगते. पण एक नव्हे, एकमेकींशी न जुळणाऱ्या अनेक. एकीत तो क्यूबाहून जहाजात खोक्यात दडून न्यूयॉर्कला येतो, दुसरीत एंजल बेटावरील चौकशीतून सुटतो. समीक्षकांनी ह्यात कथनतंत्राचे आधुनिक वैभव पाहिले. मला त्यात प्रथम दिसते ते असे की, ज्या घरात बापाची वाट उच्चारणे धोक्याचे होते, त्या घरातल्या मुलीपुढे दुसरा प्रामाणिक मार्गच नव्हता. येथे वाट वाङ्मयाचा विषय राहत नाही. तिचे न सांगितले जाणे हेच त्या वाङ्मयाचे रूप ठरविते.

मागे राहिलेल्यांचा विचार मराठी वाचकाला एका वेगळ्या बाजूने सुचावा. आपल्या भाषेत जाणाऱ्याची 'वाट' असते आणि थांबणाऱ्याचे 'वाट पाहणे' असते. एकाच शब्दात दोघांची सोय झाली आहे. क्वांगतुंगमधील लोकगीतांत 'सोन्याच्या डोंगरावर' गेलेल्या नवऱ्यांच्या बायकांची गाणी पुष्कळ आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी वस्तीत १९११ आणि १९१५ साली छापल्या गेलेल्या पद्यसंग्रहांतून मार्लन होम ह्यांनी १९८७ साली निवडक रचना इंग्रजीत आणल्या. त्यांतही हा विरहाचा स्वर आहे. ह्या रचना सुवर्णशोधानंतर अर्धशतकाहून अधिक काळाने छापलेल्या आहेत, हे विसरता येत नाही. परंतु सुवर्णशोधाच्या इंग्रजी वाङ्मयात वाट पाहणाऱ्याला जे स्थान आहे ते बहुधा पत्राच्या मायन्यापुरते आहे. येथे वाट पाहणारी स्वतः बोलते.

७

ह्या सगळ्याचा भारतीय भाषांच्या अभ्यासकांशी संबंध काय?

संबंध सरळ आहे. ज्या दशकांत हे लोक सोन्यामागे धावत होते, त्याच दशकांत भारतातून करारबद्ध मजूर समुद्रापार नेले जात होते : १८३४ पासून मॉरिशसला, १८३८ पासून ब्रिटिश गियानाला, १८७९ पासून फिजीला. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्यांत मराठी भाषकही होते, आणि त्यांचे वंशज तेथे आजही मराठी शिकतात. सोने शोधणारा आणि गिरमिटिया ह्यांना एका मापाने मोजणे अर्थातच चुकीचे ठरेल. पहिला आपल्या इच्छेने निघाला होता. दुसऱ्याच्या इच्छेचा अंगठा कागदावर कसा उमटविला गेला हे आपण जाणतो. चिनी प्रवासी उसन्या भाड्यामुळे ह्या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभा असतो. तरीही वाटेच्या दृष्टीने तुलना फलदायी आहे. गिरमिटियांच्या वसाहतींत 'जहाजी भाई' हे नाते जन्माला आले. एका जहाजातून आलेले ते भाऊ; जात कोणतीही असो, गाव कोणतेही असो. हे नाते मूळ गावात नव्हते आणि पोचल्यावर मळेवाल्याने दिलेले नव्हते. ते मधल्या पाण्यावर तयार झाले. दोन टोकांच्या अभ्यासपद्धतीला ह्या शब्दाची उपपत्ती सांगता येणार नाही. तोताराम सनाढ्य ह्यांचे फिजीविषयीचे हिंदी पुस्तक १९१४ साली आले. त्यातील फसवणुकीची आणि सागरी प्रवासाची हकिगत प्रस्तावनेसारखी वाचून पुढे जाण्याची सवय आपण सोडली पाहिजे.

मराठीपुरते बोलायचे तर विष्णुभट गोडसे ह्यांचा 'माझा प्रवास' आपल्या हाताशी आहे. वरसईचा एक कर्जबाजारी भिक्षुक १८५७ साली द्रव्यप्राप्तीसाठी उत्तरेकडे पायी निघतो, वाटेत उठावात सापडतो, लुटला जातो आणि अखेर गंगेची कावड तेवढी घेऊन घरी परततो. आपण हा ग्रंथ झाशीच्या हकिगतीसाठी वाचतो, म्हणजे इतिहासाचे साधन म्हणून वाचतो. द्रव्याच्या आशेने निघालेल्या माणसाचे वाटेने काय केले, ह्या प्रश्नासाठी तो वाचला तर पेरेस रोसालेस आणि सेरा रॉइस हे त्याचे समकालीन सोबती ठरतात, आणि मराठी गद्यातील ह्या पुस्तकाचे स्थान केवळ सत्तावन्नच्या संदर्भात ठरविण्याची गरज उरत नाही.

माझी सूचना दोन कलमी आहे. पहिली अशी की, स्थलांतरविषयक अभ्यासपत्रिका देशवार न लावता निदान एका सत्रापुरती वाटेप्रमाणे लावून पाहावी : तांड्याची वाट, जहाजाची वाट, संयोगभूमीची वाट, लपविलेली वाट. प्रत्येक वाटेवर जाणारा, राहणारा आणि वाट पाहणारा अशा तिघांचे लेखन एकत्र वाचावे. तिसऱ्याचे लेखन मिळत नसेल तर ते का मिळत नाही, हाच त्या आठवड्याचा विषय असावा. दुसरी सूचना भाषांतरासंबंधी आहे. आपल्या केंद्रीय विद्यापीठांत स्पॅनिश आणि चिनी भाषांचे विभाग आहेत. भारतीय भाषांचे विभाग कित्येकदा त्याच आवारात असतात. तरीही चिलीच्या किंवा क्वांगतुंगच्या माणसाची सोन्याची वाट मराठी, तमिळ वा बंगाली वाचकापर्यंत यायची झाली तर ती इंग्रजीला वळसा घालूनच येते, आणि इंग्रजीने जे घेतले तेवढेच घेऊन येते. हा आपला केप हॉर्न आहे. पेरेस रोसालेसच्या पुस्तकाचे मूळ स्पॅनिशवरून एखाद्या भारतीय भाषेत भाषांतर हाती घेणे आणि तैशानच्या बायकांची गाणी चिनी विभागाच्या साहाय्याने थेट वाचावयास घेणे, ही दोन कामे कोणत्याही मोठ्या अनुदानाची वाट न पाहता येत्या वर्षी सुरू करता येण्याजोगी आहेत.